इंग्रजी शिकवायला परदेशात निघताना: करार, कागद आणि पहिले काही महिने

मी ज्या भाषाशाळेत शिकवते तिथे नवा शिक्षक रुजू झाला की पहिला आठवडा त्याच्यासोबत फिरायचं काम माझ्याकडे येतं. बँक, सिमकार्ड, परवान्याचं कार्यालय, घरं बघणं आणि मग त्याच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसणं. स्वतः मी या शहरात असंच कुणाचं तरी बोट धरून उभी राहिले, त्यामुळे हे काम मला मनापासून आवडतं. एवढ्या जणांना येताना आणि काहींना परत जाताना पाहून माझं एक मत पक्कं झालंय. जे इथे रुळतात त्यांनी देशाच्या आधी नोकरी नीट वाचलेली असते, आणि आल्यावर ते स्वतः त्या शहराची भाषा शिकायला बसतात. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी पासपोर्टचा प्रश्न

जाहिराती चाळायला लागलात की 'नेटिव्ह स्पीकर हवा', म्हणजे मातृभाषाच इंग्रजी असलेला माणूस हवा, हे वाक्य सारखं समोर येईल. ते वाचून मागे फिरू नका, पण ते कुठून आलंय हे ओळखा. काही ठिकाणी ती कायद्याची अट असते. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा इंग्रजी शिकवण्यासाठी मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तिथे शाळेला तुम्ही कितीही आवडलात तरी तिचे हात बांधलेले असतात. म्हणून कोणत्याही देशाच्या नोकऱ्या शोधण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर शिक्षकाच्या व्हिसाची पात्रता वाचा. एजंटच्या तोंडचं ऐकून पैसे भरू नका.

दुसरीकडे बऱ्याच ठिकाणी ही फक्त शाळेची सवय असते. जुनी जाहिरात तशीच पुन्हा टाकलेली असते. अशा ठिकाणी जरूर अर्ज करा. टेसोल ही इंग्रजी शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून आहे, आणि २००६ मध्ये तिने मातृभाषा इंग्रजी नसलेल्या शिक्षकांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. अर्जात तिचा दाखला देत बसायची गरज नाही, पण आपण कुणाची जागा अडवत नाही, एवढं मनाशी पक्कं असू द्या. सोबत आयईएल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे ताजे गुण जोडा. तो निकाल साधारणपणे दोन वर्षंच ग्राह्य धरतात, म्हणून उगाच फार आधी परीक्षा देऊ नका.

मुलाखतीत हे ठामपणे सांगा की इंग्रजी तुम्ही शिकून मिळवलेली आहे. मराठीत 'अ' आणि 'द' सारखी उपपदं नाहीत. रशियन, जपानी, कोरियन, चिनी भाषांतही नाहीत. ती कुठे लावायची आणि कुठे गाळायची हे आपण एकेक उदाहरण घोटून शिकलोय. विद्यार्थी नेमका कुठे अडखळणार हे आपल्याला आधीच माहीत असतं, आणि वर्गात ही फार मोठी शिदोरी असते.

प्रशिक्षण कोणतं घ्यावं

बहुतेक जाहिराती '१२० तासांचं टेफल प्रमाणपत्र' मागतात, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र. त्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे घरबसल्या प्रश्नावल्या सोडवून मिळणारा कागद. दुसरी म्हणजे केंब्रिजचा सेल्टा किंवा ट्रिनिटी कॉलेजचा सर्टटेसोल, ज्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून शिकवावं लागतं. सेल्टामध्ये किमान सहा तास तुम्ही शिकवता आणि प्रशिक्षक तुम्हाला बघतात, शिवाय अनुभवी शिक्षकांचे तास तुम्ही बघता आणि चार लेखी स्वाध्याय लिहिता. पूर्णवेळ केला तर साधारण चार आठवडे. त्या चार आठवड्यांत दुसरं काही होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सर्टटेसोलमधला एक भाग मला विशेष आवडतो. तिथे प्रशिक्षणार्थींना एका अनोळखी भाषेचे काही धडे त्याच भाषेतून दिले जातात आणि त्यावर लिहायला लावतात. शिकणाऱ्याच्या खुर्चीत बसवल्याशिवाय शिक्षक घडत नाही, हे त्या अभ्यासक्रमाला कळलंय.

पैशांची ओढाताण असेल तर ऑनलाइन प्रमाणपत्र घ्या, व्हिसाच्या फायलीत बऱ्याच ठिकाणी ते चालतं. पण त्यासोबत कुठेतरी, कुणालातरी, समोरासमोर शिकवा. एखाद्या संस्थेत विनामोबदला का होईना. ब्रिटिश काउन्सिलच्या शिक्षकांसाठीच्या संकेतस्थळावर तासांचे आराखडे मोफत मिळतात, त्यातला एक उचलून चार माणसांसमोर घेऊन बघा. वीस मिनिटांत तुम्हाला कळेल की आपण किती बोलतो आणि समोरच्याला किती बोलू देतो.

कागद

इथे घाई चालत नाही आणि दिरंगाई तर मुळीच नाही. पदवीचं प्रमाणपत्र, पोलिस पडताळणीचा दाखला, वैद्यकीय तपासणी, अनुभवपत्र. यातली सरकारी कागदपत्रं दुसऱ्या देशात ग्राह्य धरली जावीत म्हणून १९६१ च्या हेग करारानुसार त्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लावतात. तुम्ही जाणार तो देश त्या करारात असेल आणि तुमच्या देशाशी तो लागू असेल तर एका शिक्क्यात काम होतं. नसेल तर कागद त्या देशाच्या वकिलातीतूनही प्रमाणित करून घ्यावे लागतात, आणि त्यात आठवडे जातात. ही यादी बदलत राहते. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, पण भारताने आक्षेप घेतल्यामुळे तेव्हा भारत आणि चीन यांच्यात तो लागू झाला नाही. म्हणून दुसऱ्या देशाच्या मित्राचा अनुभव जशाच्या तसा धरू नका, तुमच्या कागदांना वकिलातीच्या रांगेत उभं राहावं लागेल का ते आधी तपासा.

क्रम असा ठेवा: पदवीचं काम सगळ्यात आधी, कारण तिला मुदत नाही आणि विद्यापीठाला वेळ लागतो. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी शेवटी, कारण त्या जुन्या झाल्या की पुन्हा मागतात. आणि नाव. पासपोर्टवर, पदवीवर आणि अनुभवपत्रावर नाव अक्षरशः एकसारखं हवं. आडनाव आधी की नंतर, मधलं नाव आहे की नाही, लग्नानंतर बदललंय का, हे सगळं आजच एका ओळीत मांडून तपासा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा दुरुस्ती घरी असतानाच करता येते. इकडे आल्यावर त्याच कामासाठी कुणाला तरी तिकडे पळवावं लागतं.

मूळ पदवी हातातल्या बॅगेत ठेवा, विमानाच्या पोटात देऊ नका.

करार वाचायची माझी पद्धत

पगाराचा आकडा मी शेवटी बघते. आधी बघते आठवड्याचे तास, आणि ते कोणते तास. 'पंचवीस तास' लिहिलं असेल तर ते वर्गात उभं राहून शिकवायचे का, हे विचारा. पंचवीस तास वर्गात म्हणजे तयारी, वह्या तपासणं, पालकांशी बोलणं आणि बैठका धरून पूर्ण आठवडा भरतो. तीस-पस्तीस तास वर्गात असतील तर तुम्ही शहरात राहाल, पण शहर तुम्हाला दिसणार नाही. तास सलग आहेत की तुटक, हेही विचारा. भाषाशाळांचं काम सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी ऑफिसनंतर आणि शनिवार-रविवारी चालतं. दुपारचे चार तास मोकळे दिसतात, पण घर लांब असेल तर ते बसमध्ये किंवा बाकावर जातात.

मग हे प्रश्न: कामाच्या परवान्याचा आणि व्हिसाचा खर्च कोण करणार? शाळेच्या सुट्टीत पगार चालू की बंद? आजारपणाची रजा किती? आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून की प्रोबेशनचा काळ संपल्यावर? मुदतीआधी सोडलं तर दंड किती, आणि शाळेने काढलं तर नोटीस किती दिवसांची? शेवटच्या प्रश्नाला बरेच जण लाजतात. लाजू नका. चांगली शाळा या प्रश्नावर दुखावत नाही.

दोन गोष्टींवर तडजोड करू नका. 'आधी पर्यटक व्हिसावर या, कामाचा नंतर बघू' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. तोवर तुम्ही बेकायदा काम करत असता, आणि पकडलं गेलं तर देशाबाहेर तुम्हाला जावं लागतं. दुसरं, पासपोर्ट 'सुरक्षिततेसाठी' शाळेत जमा करायचा नाही. परवान्याच्या कामासाठी काही दिवस द्यावा लागला तर पावती घ्या आणि परत कधी मिळणार ते लेखी घ्या.

आणि नोकरी कशाच्या आधारावर उभी आहे ते बघा. जुलै २०२१ मध्ये चीनने शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. इंग्रजीच्या प्रचंड मोठ्या शिकवणी कंपन्या काही महिन्यांत आकसल्या. कामाचा परवाना बहुतेक देशांत मालकाशी बांधलेला असतो, त्यामुळे नोकरी गेली की राहण्याचा हक्कही डळमळतो. म्हणून नोकरी गेल्यास नवा मालक शोधायला कायदा किती दिवस देतो, हे निघण्याआधी माहीत करून घ्या आणि तेवढ्या दिवसांचा खर्च बाजूला ठेवा. पगार सहसा महिना संपल्यावर हातात येतो, घरासाठी अनामत आधीच मोजावी लागते. दोन-तीन महिन्यांची सोय असल्याशिवाय निघू नये असंच मी सगळ्यांना सांगते.

सही करण्याआधी त्याच शाळेत सध्या शिकवत असलेल्या एखाद्या शिक्षकाशी बोलायची विनंती करा. शाळेने टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

उतरल्यावर

पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती जागा घ्या. लांबून फोटो बघून वर्षभराचं घर ठरवू नका. मात्र तात्पुरत्या जागेचा मालक पत्त्याचा पुरावा देतो का, हे आरक्षण करतानाच विचारा. पुष्कळ शहरांत एक फेरा असतो: बँक पत्ता मागते, घरमालक बँक खातं मागतो, दोघांनाही स्थानिक फोन नंबर हवा असतो आणि नंबरासाठी ओळखपत्र लागतं. तो फेरा शाळेच्या पत्राने सुटतो. रुजू होण्याच्या दिवशीच शाळेकडून शिक्क्यासह पत्र मागून घ्या: तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, हुद्दा, पगार आणि तात्पुरता पत्ता. चार प्रती.

पोहोचल्यावरच्या सरकारी तारखा कॅलेंडरात आधी टाका. चीनमध्ये कामाच्या झेड व्हिसावर आलेल्याला तीस दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. थायलंडमध्ये लांब मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्याला दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. तुमच्या देशाचा नियम वेगळा असेल, पण काहीतरी असतोच. शाळा करील म्हणून निर्धास्त राहू नका, दंड तुमच्या नावावर लागतो.

घर बघायला मी नव्या शिक्षकांना दोनदा नेते. एकदा दिवसा, आणि एकदा रात्री शेवटचा तास सुटल्यावर, शाळेतून निघून नेहमीच्या वाहनाने. नऊला वर्ग सुटतो, फळा पुसून, एखाद्या विद्यार्थ्याशी दोन शब्द बोलून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ. त्या वेळी बस किती वेळाने येते, थांब्यापासून घरापर्यंत दिवे आहेत का, इमारतीचं दार कसं उघडतं, हे दुपारी कळत नाही. आत गेल्यावर सगळे नळ एकदम सोडून बघा, गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बघा, खिडकी लावून आणि उघडून दोन मिनिटं गप्प उभे राहा. किल्ली घ्यायच्या दिवशी विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे, भिंतींवरचे डाग, तुटलेल्या फरश्या, सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. अनामत परत मिळण्याच्या वेळी त्या व्हिडिओची तारीख बोलते.

घर शाळेजवळ घ्यावं की शहराच्या मध्यात? पहिल्या वर्षी जवळ. थकलेल्या शिक्षकाला चालत घरी जाता येणं ही फार मोठी सोय आहे.

पहिला तास

इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण सगळे कागद याचसाठी केले.

मागच्या बाकावर बसून मी बहुतेक वेळा एकच दृश्य बघते. प्रौढांचा संध्याकाळचा वर्ग, पातळी ए-२, म्हणजे युरोपीय चौकटीच्या सहा पायऱ्यांतली दुसरी. शिक्षक फळ्यावर 'आय हॅव लॉस्ट माय कीज' लिहितो आणि काळाचं नाव, रचना, अपवाद असं सगळं छान समजावतो. मग विचारतो, "समजलं?" बारा माना डोलतात. दिवसभर काम करून आलेली ती माणसं शिक्षकाचा मान राखत असतात. समजलंय असा त्याचा अर्थ नसतो.

"समजलं का?" हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी छोटे, अर्थ उघड करणारे प्रश्न विचारा. किल्ल्या आत्ता माझ्याकडे आहेत का? नाहीत. कधी हरवल्या ते वाक्यात सांगितलंय का? नाही. मी आत्ता घरात जाऊ शकते का? नाही. तीन प्रश्नांत वर्गाला कळतं की हे वाक्य आत्ताच्या अडचणीबद्दल आहे. मग फळ्यावर कालच्या तारखेसह साधा भूतकाळ लिहा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं बदलतात, आणि त्यासोबत चेहरेही. व्याकरणाचं नाव त्यानंतर सांगा, किंवा त्या दिवशी सांगूच नका.

सूचना देताना दाखवा, समजावू नका. 'जोड्या करा, एकाने विचारा, दुसऱ्याने लिहा' हे बोलण्यापेक्षा एका विद्यार्थ्याला पुढे बोलवून त्याच्याबरोबर एकदा करून दाखवा. मग तुम्ही गप्प. वर्गात जोडीजोडीने गलका सुरू झाला की नवे शिक्षक घाबरतात. तो गलका म्हणजेच तुमचं काम चालू असल्याचा आवाज. फिरत राहा, चुका कागदावर टिपा, आणि शेवटची पाच मिनिटं त्यातल्या तीन-चार चुका कुणाचंही नाव न घेता फळ्यावर घेऊन वर्गालाच सुधारू द्या.

विद्यार्थ्यांची मातृभाषा थोडी वाचून जा. जपानी बोलणाऱ्याला 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येणं अवघड जातं, अरबी बोलणारा 'प' च्या जागी 'ब' म्हणतो, स्पॅनिश बोलणारा 'स्कूल'च्या आधी 'ए' लावतो, आणि चिनी बोलणारा 'ही' आणि 'शी' यांची अदलाबदल करतो, कारण त्याच्या बोलीत दोन्हींचा उच्चार एकच आहे. हे ठाऊक असलं की राग येत नाही, सराव कुठे द्यायचा ते कळतं.

नावं मात्र पहिल्या आठवड्यात पाठ करा. नीट उच्चारांसकट. सोपं पडावं म्हणून कुणाला इंग्रजी नाव देऊ नका, त्याने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. आणि घशाची काळजी घ्या. पाणी जवळ, ओरडणं बंद, वर्ग शांत करायला हात वर करायची खूण.

शहराची भाषा

इंग्रजी शिक्षकांना शहराची भाषा न शिकता वर्षानुवर्षं राहता येतं. शाळेत सगळे इंग्रजी बोलतात, मित्रही शिक्षकच असतात. पण असे शिक्षक फार काळ आनंदाने राहिलेले मी बघितले नाहीत. घरमालकाचा निरोप, औषधाच्या दुकानातला प्रश्न, बसमधली घोषणा, प्रत्येक गोष्टीला दुसरा माणूस लागतो आणि तो परावलंबीपणा हळूहळू खातो.

म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच शिकवणी लावा, आठवड्यातून एक तास का होईना, पण माणसासमोर. आकडे, वेळ, पत्ता सांगणं, 'हळू बोला', 'पुन्हा सांगाल का', 'हे दुखतंय' एवढ्यापासून सुरुवात. त्या तासात दोन गोष्टी होतात. शहर थोडं उघडतं, आणि तुम्ही स्वतः मान डोलावताना स्वतःला पकडता. शिक्षक तुमच्या उत्तराची किती सेकंद वाट बघतो, कुठे तुम्हाला सोडवतो, कुठे घाई करतो, ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात वापरा. मी इतकी प्रशिक्षणं दिली, पण या एका तासाइतका फरक कशानेच पडत नाही.

शिकलेलं रोज वापरायला ठरलेल्या जागा लागतात. त्याच वेळी, त्याच दुकानात, त्याच माणसाशी. एखादा गायनाचा, खेळाचा किंवा पोहण्याचा वर्ग लावा, जिथे तुम्ही कुणाचे शिक्षक नाही. सुट्टी आठवड्याच्या मधल्या दिवशी असेल तर हे मुद्दाम करावं लागतं, कारण बाकी शहर तेव्हा कामावर असतं.

सुरुवातीचं नवेपण ओसरलं की एक जड काळ येतो. घरी कुणाचं लग्न असतं, कुणी आजारी असतं, आणि आपण इथे क्रियापदं शिकवत असतो. हा काळ जवळजवळ सगळ्यांना येतो आणि बहुतेकांचा जातो. त्या दिवसांत परत जायचा निर्णय घेऊ नका. घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून घ्या, जेवण आणि झोप सांभाळा, आणि शाळेतल्या एका तरी माणसाला खरं सांगा. झोप उडाली, वर्गात उभं राहवेना असं झालं तर डॉक्टरांकडे जा. विम्यात ते बसतं का, हे करार वाचतानाच बघून ठेवायचं ते यासाठीच.

वर्ष संपत आल्यावर

करार संपायच्या दोन-तीन महिने आधी शाळा विचारण्याची वाट न बघता तुम्हीच विषय काढा. राहायचं असेल तर पगारासोबत तासांची रचना आणि प्रशिक्षणाचा खर्चही मागा. त्या वेळी तुमची बाजू सगळ्यात भक्कम असते, कारण नवा माणूस आणणं शाळेला महाग पडतं. जायचं असेल तर नोटीस लेखी द्या, आणि शेवटचा पगार हातात यायच्या आधी अनुभवपत्र घ्या: तारखा, आठवड्याचे वर्गातले तास, विद्यार्थ्यांचे वयोगट आणि पातळ्या, खाली सही-शिक्का. पुढच्या देशाच्या व्हिसासाठी हे पत्र लागतं. पगाराच्या पावत्या आणि कर भरल्याचे कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, बँक खातं अनामत परत आल्यावरच बंद करा, आणि मीटरचे आकडे पुन्हा एकदा व्हिडिओत घ्या.